उत्तरेचा बर्फ आणि तुबलीतला हलवा

लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत होती आणि त्यासाठी सासूबाई साताऱ्याहून बहरीनला आल्या होत्या. बॅगेत कपडे कमी आणि तीळ जास्त. पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवतात, हलव्याचे दागिने घालतात आणि चार बायका बोलावून हळदीकुंकू करतात, एवढं मला माहीत होतं. मी वाढले इथेच, शिकले इंग्रजी शाळेत, त्यामुळे हे सगळं मी फक्त नातेवाइकांच्या फोटोंत पाहिलं होतं. त्या फोटोंतल्या मुली डोक्यावर साखरेचा मुकुट घालून मध्यभागी बसलेल्या असायच्या आणि सगळ्या त्यांच्याकडे बघत असायच्या. मला स्वतःच्या वाढदिवसाला केक कापतानासुद्धा टेबलाखाली जावंसं वाटतं.

"आई, पुण्याहून तयार दागिने येतात. मागवून टाकू," नवरा म्हणाला.

"तयार? मग सूनही तयारच मागवायची होतीस."

"तयारच मिळाली की. इथेच, मनाम्यात."

दोघंही हसली. मी चहाच्या कपात बघत राहिले. मराठी मला सगळं समजतं, पण उत्तर डोक्यात आधी इंग्रजीत येतं, आणि त्याचं मराठी करेपर्यंत विषय बदललेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हलवा करायला घेतला. मंद आचेवर परात, परातीत तीळ, आणि त्यावर चमच्याने साखरेचा पाक, अगदी थेंब थेंब. मग बोटांनी तीळ फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा थेंब. असं करत करत प्रत्येक तिळावर साखरेचे बारीक काटे उभे राहतात. राहायला हवेत. आमचे राहिले नाहीत. दुपारपर्यंत परातीत गुळगुळीत पांढरे दाणे जमले.

"या तर गोळ्या झाल्या," सासूबाई म्हणाल्या. "औषधाच्या दुकानात ठेव नेऊन. काट्याला कोरडी थंडी लागते गं. तुमच्याकडे जानेवारी कधी येतो?"

आमची इमारत तुबलीच्या खाडीजवळ आहे. हिवाळ्यातही हवा दमट असते, टॉवेल वाळत नाहीत, मग पाक कुठला वाळायला. मी तोंडाने "अरेरे" म्हणाले. मनात मात्र सरळ हिशोब होता: काटा नाही तर हलवा नाही, हलवा नाही तर मुकुट नाही.

नवरा इंजिनिअर आहे. संध्याकाळी सीफ भागातल्या ऑफिसातून आला आणि प्रश्न त्याने पाच मिनिटांत सोडवला. हॉलच्या खिडक्या बंद, एसी सोळावर, टेबलावर इलेक्ट्रिक शेगडी. जानेवारीत एसी लावणारं घर त्या दिवशी तुबलीत एकच असावं. सासूबाई स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून परातीपुढे बसल्या. एसीचा झोत परातीवर, पाक पडल्या पडल्या घट्ट, आणि तिळांचे एकमेकांना चिकटून गठ्ठे.

"यल्ला, चल आई, जमतंय!" तो लांबून ओरडला.

"जमतंय, पण लाडू. तुझी डिग्री दाखव रे जरा मला."

बोलत होत्या चेष्टेत, पण परात खाली ठेवताना त्यांचा चेहरा पडला. बोटांची टोकं लाल झाली होती. त्यांनी ती कानटोपीत गरम केली आणि गठ्ठे एकेक करून फोडायला बसल्या.

त्याच आठवड्यात फोनवर आखाती भागाचा हवामानाचा अंदाज आला. इंग्रजीत, म्हणून घरात तो वाचणारी मी पहिली. उत्तरेकडे सौदीच्या डोंगरांवर हलका बर्फ पडण्याची शक्यता, मग सगळ्या भागात थंडीची लाट, जोरदार कोरडे वारे, शुक्रवारपासून. मी तो दोनदा वाचला. फोन उपडा ठेवला. सासूबाई समोर बसून गुळगुळीत दाण्यांपैकी एक भिंगातून बघत होत्या, कुठे तरी काट्याची सुरुवात दिसते का म्हणून.

"आई, बर्फ पडणार आहे," मी म्हणाले.

"इथे?" त्या खिडकीशी गेल्या. खाली गॅरेजमध्ये एक जण बनियनवर गाडी धूत होता.

"इथे नाही. वर, उत्तरेला. हलकासा."

"मग त्यांनी करावा हलवा. आपल्याला काय त्याचं?"

"तिकडून वारा आपल्याकडे येणार आहे. कोरडा. शुक्रवारी."

"नक्की?"

"इंशाल्ला."

"म्हणजे नाही," त्या म्हणाल्या. "इथला ब्लाउज शिवणारासुद्धा हेच म्हणाला होता, अजून शिवतोय."

शुक्रवारी सकाळी बाल्कनीचं दार स्वतःहून आपटलं. वारा असा होता की समोरच्या इमारतीवरच्या डिश हलत होत्या आणि ओठ सुकून ताणले जात होते. सासूबाई आंघोळीआधीच परात घेऊन तयार. यावेळी शेगडी स्वयंपाकघरात, वाऱ्याच्या आडोशाला, पण खिडकी उघडी. थोड्या वेळाने त्यांनी मला बोलावलं. "ये, तू फिरव. दाबू नकोस. मांजराच्या पाठीवरून हात फिरवतात तसं."

मी फिरवत राहिले. त्या थेंब टाकत राहिल्या. उन्हं वर आली तेव्हा बोटांना काहीतरी टोचायला लागलं. मी तळहातावर चार दाणे घेतले. चारही अंगांनी बारीक, पांढरे, टोकदार काटे.

"आला!" सासूबाई इतक्या जोरात म्हणाल्या की नवरा टूथब्रश घेऊन धावत आला. "काटा आला रे! बघ, बघ कसा आलाय. आता बांगड्या, बाजूबंद, मंगळसूत्र, आणि मुकुट तर असा करते की..."

"आई, मुकुट नको."

हे वाक्य थेट मराठीत आलं, कुठेही न थांबता. नवऱ्याचा ब्रश तोंडातच थांबला. मला पुढे काहीतरी सांगणं भाग होतं. "बाकीचं सगळं घालीन. काळी साडी पण. पण मुकुट घालून सगळ्यांसमोर बसायला मला... मी मग पूर्ण वेळ खालीच बघीन. फोटो वाईट येतील."

सासूबाईंनी चमचा पाकाच्या भांड्यात ठेवला. मी त्यांच्या नाही, चमच्याच्याच दिशेने बघत होते.

"मलाही नको होता," त्या म्हणाल्या. "माझ्या पहिल्या संक्रांतीचा फोटो बघशील तर वाटेल कुणी वारलंय. पण सासूला तोंडावर नको म्हणायची टाप होती का आमची?" मग माझ्याकडे नीट बघत, "तुझं बरं आहे. बोलत नाहीस तर नाहीस, आणि बोललीस की थेट हुकूम."

"मग मुकुटाचा हलवा उरेल," मी म्हणाले.

"उरतोय कशाला. जावयाला, नाही तर मुलाला हार करतात की हलव्याचा." त्यांनी नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत मापलं. "गुडघ्यापर्यंत येईल चांगला."

"मला कशाला? सगळ्या बायका हसतील!"

"हसू देत. कॅमेऱ्याकडे बघ फक्त," मी म्हणाले, आणि पुन्हा तीळ फिरवायला बसले.