परग्रहकाकांचा शेजार

परग्रहकाकांच्या कथांत परग्रहावरून कोणी लढायला येत नसे. सगळे काहीतरी मागायला येत. कोणाला मीठ हवे असे, कोणाला ऊब. एकाला तर फक्त कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवे होते. "एवढं अंतर कापून मारामारीला कोण येतं? अडलेलाच येतो," काका म्हणत. बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा मी संपादक, म्हणजे जाहिरातींतून उरलेल्या जागेत साहित्य भरणारा. काकांच्या कथेची जागा मात्र मी आधी राखून ठेवी.

वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले काका गोत्री भागातल्या एका सोसायटीत वरच्या मजल्यावर एकटे राहत. आलेल्यापुढे ते दगडफुलाचा तुकडा ठेवत. "हा एक जीव नाही, दोन आहेत. बुरशी घर देते, शेवाळ अन्न करतं. वेगळे केले तर दगडावर दोघंही टिकत नाहीत. आणि आपण हा संसार गोड्या मसाल्यात भाजतो!"

स्वतः मात्र ते कोणाकडे विरजणही मागत नसत. शेजारून वाटी आली की धुऊन, तीत काहीतरी घालून, त्याच दिवशी परत. एकदा मी स्कूटरवरून सोडतो म्हटले, तर "उगाच तुमचं पेट्रोल" म्हणून भर उन्हात पायी निघाले.

काचबिंदूने त्यांची नजर गेली तेव्हा एक दीर्घकथा अर्धी राहिली होती. खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन, गुजराती शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, आपणहून वर आल्या. मराठी त्यांना शेजारपाजारामुळे येत होते; लिहायचा हात गुजराती. काका मराठीत सांगत, त्या गुजराती लिपीत उतरवून घेत आणि मी ते देवनागरीत आणी. मंडळाच्या अध्यक्षांना हे कळले तेव्हा त्यांनी मराठीच्या भवितव्याबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली. लिहून घ्यायला मात्र कोणाला पाठवले नाही.

कथा एका ओसाड ग्रहावर अडकलेल्या माणसाची होती. तिथले जीव जी हवा सोडत ती तो श्वासात घेई, आणि ते जीव त्याच्या अंगाच्या उबेवर तगत. शेवटी त्याला न्यायला यान येते. त्याने निघून जावे, असे काकांच्या मनात होते. हंसाबेननी पेन खाली ठेवले.

"भाई, हा गेला तर ते बिचारे थंडीने मरणार."

"मग त्याने काय जन्मभर दुसऱ्याच्या हवेवर जगायचं?"

"अने मग आतापर्यंत कशावर जगला? अभिमानावर?"

काका एरवी हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. शेवट राहून गेला.

पुढे हंसाबेनना मुलाने डभोईला राहायला बोलावले. सांगायला त्या वर आल्या तेव्हा मी तिथेच होतो. "मुलगा ये म्हणतोय," एवढेच म्हणाल्या आणि दारात उभ्या राहिल्या. 'जाते' म्हणाल्या नाहीत.

"जायलाच हवं. माझं काही अडणार नाही," काका म्हणाले. सत्कार नाकारताना ते ज्या आवाजात बोलत, तोच आवाज. हंसाबेन जिना उतरून गेल्या.

त्यानंतर मी लिहून घ्यायला जाऊ लागलो. ते सांगत ते मी मुकाट्याने लिहून घेई, हीच अडचण होती. काका एक वाक्य सांगून थांबत, कोणी हरकत घेते का म्हणून वाट पाहत, आणि मग तेच वाक्य खोडायला लावत.

"काका, डभोई काय मंगळावर आहे? बसने जाऊ या."

"जाऊन काय सांगायचं?"

"अडलंय म्हणून."

"त्यांना उगाच त्रास," ते म्हणाले, आणि मी पुढे होईपर्यंत चाचपडत उठून स्वतःच खिडकी लावून आले.

हिवाळा सरायच्या आत काका गेले. मंडळाने शोकसभा घेतली. जिवंतपणी जो सत्कार काकांनी होऊ दिला नव्हता, तो अध्यक्षांनी पुरेपूर उरकून घेतला. "काका आयुष्यात कधी कोणावर अवलंबून राहिले नाहीत!" ते म्हणाले. सभागृहाने माना डोलावल्या.

डभोईहून आलेल्या हंसाबेन माझ्या शेजारी बसल्या होत्या. "ती ग्रहावरची वार्ता पूर्ण झाली?" त्यांनी हळूच विचारले.

मी नाही म्हणालो.

"भाई एकदाच 'थांबा' म्हणाले असते ना," त्या म्हणाल्या, "तर हुं गेलेच नसते. त्या दिवशी मुलाला सांगूनच वर आले होते, की बहुतेक नाही येणार."

अध्यक्षांनी सर्वांना दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायला सांगितले. सगळे उठले. हंसाबेन बसूनच राहिल्या.