कळशीनं घर बदललं तरी

छावणी भागातून, नंदाआत्याच्या सासरहून फोन आला तेव्हा आमच्या नळाला आठवड्यानं पाणी आलं होतं. आत्या गेली, एवढंच बाबांनी ऐकलं आणि ते पिंपाजवळ तसेच उभे राहिले. पिंप भरलं, वाहू लागलं, पाणी रस्त्यावर गेलं... अशा दुष्काळात आमची गल्ली एरवी गप्प बसत नाही. त्या दिवशी शेजाऱ्यांनीच येऊन नळ बंद केला.

आत्या बाबांची धाकटी बहीण. बाबा आयुष्यभर पत्रकं छापत आले. पाण्यासाठी, हुंड्याविरुद्ध, जातीविरुद्ध. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. पत्रकांच्या घड्या आत्या घालायची आणि घालता घालता प्रश्न विचारून बाबांना हैराण करायची. तिला प्रत्येक गोष्टीचं 'का' हवं असायचं.

तिच्या स्तनात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणाला? बाबा म्हणाले, नाही. खोटं बोलत नव्हते ते. थोरली आत्या तरुणपणीच याच आजारानं गेली होती, पण ती पाचोडला दिलेली. दिलेल्या लेकीचं दुखणं सासरच्या खात्यात, ही आमच्याकडची रीत. माझं डोकं फिरलं, पण बोलली आत्याच.

"व्हय रे दादा, पत्रकात जातगोत झुगारतोस अन् दवाखान्यात गोत्र लावतोस? ताई कुणाची होती मग?"

मग तिची जनुकचाचणी झाली. दोष सापडला. आता भावाची करा, डॉक्टर म्हणाले, आणि त्याच्यात निघाला तर त्याच्या मुलीची. तसं झालं तर मला पंचविशीपासूनच दरवर्षी एमआरआय, तिशीनंतर जोडीला मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. मॅमोग्राफी आधीपासून का नाही, हे आत्यानं विचारलंच. तरुण स्तन दाट असतो, चित्रात पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, असं उत्तर मिळालं. "म्हंजे कापसात कापूस हुडकायचा," ती खूश होऊन म्हणाली. स्वतःच्या आजाराबद्दल इतकं कुतूहल असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बाबा मात्र अडून बसले. पुरुषाचा यात काय संबंध? घरी आल्यावर खरं कारण बाहेर पडलं: पोरीचं लग्न व्हायचंय, कुणाला कळलं तर... हुंड्याविरुद्ध लिहिणारा माणूस हे बोलत होता! मी भांडले. आत्यानं स्वयंपाकघरातली भांडी फरशीवर मांडली. भरलेला हंडा म्हणजे आईबाप, दोन कळश्या म्हणजे दोघी बहिणी, घागर म्हणजे बाबा, तांब्या म्हणजे मी. हंड्यातलं पाणी तिनं दोन्ही कळश्यांत ओतलं.

"एक कळशी पाचोडला गेली, एक छावणीत. घर बदललं म्हणून पाणी बदललं का? घागरीत काय आलंय ते बघितल्याबिगर ह्या तांब्याला काय सांगणार तू?"

बाबा उठून गेले. ती असेपर्यंत त्यांनी चाचणी केली नाही.

तेराव्यानंतर एका सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते. चल म्हणाले. रक्त घेणाऱ्या बाईंनी विचारलं, घरात आधी कुणाला?

"दोन बहिणींना," बाबा म्हणाले. मग सदऱ्याची बाही वर सारत म्हणाले, "आमच्याच होत्या दोघी."

निकाल अजून यायचाय. मला भीती वाटते, पण त्याहून जास्त जाणून घ्यायचंय... हे तिचंच असावं. पाण्याच्या दिवशी बाबा पूर्वी आधी पिंपाला नळी लावायचे. आता आधी त्या दोन कळश्या भरतात, शेजारी शेजारी ठेवतात आणि मग पिंपाकडे वळतात.