गोदीवर निघण्यापूर्वी

स्वातंत्र्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या प्लाटूनची ड्यूटी कलकत्त्याला, खिदिरपूरच्या गोदीत लागली. महायुद्धातला उरलेला, गंजलेला दारूगोळा बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू नावेवर चढवायचा, तो पुढे खोल समुद्रात बुडवणार होते. मी नवा शिपाई. सकाळी बिगुल वाजला तरी त्या दारूगोळ्याच्या भीतीनं अंथरूण सोडवत नसे. मग घाईघाईनं दाढी करताना हनुवटी रोज कापली जाई.

नाईक शिवराम कदम आमचे सेक्शन कमांडर, साताऱ्याकडचे. त्यांनी एकदा रक्त पाहिलं आणि मला शेजारी बसवलं.

"दामले, घाई कशाची? आधी साबणाला फेस येऊ दे. वास घे."

मग बूट. ते आपल्या बुटांना घरच्या बैलांच्या नावानं हाक मारत. डावा सर्जा, उजवा पाखऱ्या. पॉलिश नव्हे, बैलांना करतात तसा खरारा चालायचा. माझ्या घरी बैल नव्हते. मी माझ्या बुटांना शाळेतल्या दोन मास्तरांची नावं दिली आणि रोज त्यांचे कान घासू लागलो. भीती गेली नाही. पण तेवढा वेळ हात स्थिर राहत, आणि मी बिगुलाच्या आधीच उठू लागलो.

एके सकाळी क्रेनचा दोर सरकला. एक पेटी बार्जवर आदळून फुटली. आतून धूर निघाला. मागे पेट्यांची थप्पी होती.

"सगळे जेटीवर! पळा!" कदम ओरडले.

मी पेटीपाशीच होतो. पाय उचलेनात.

"दामले, उडी मार!"

त्यांनी मला ढकललं. मी जेटीवर पडलो. वळून पाहिलं तेव्हा पेटी त्यांच्या छातीशी होती. चेहरा पांढराफटक. ती पाण्यात टाकायला ते कठड्याकडे धावले. पेटी हातातून सुटली आणि स्फोट झाला.

थप्पी पेटली नाही. सुभेदारसाहेबांनी हजेरी घेतली. कदमांचं नाव त्यांनी दोनदा पुकारलं.

दुसऱ्या दिवशी स्मशानघाटावर सलामीच्या फैरी झडल्या. मी प्रत्येक फैरीला दचकलो. कुणी हसलं नाही.

पुढच्या रजेत त्यांच्या गावी गेलो. कदमवहिनींनी पाणी दिलं. मग विचारलं,

"भ्याले होते का ते?"

खोटं बोलावंसं वाटलं.

"हो, वहिनी. आम्ही सगळेच भ्यालो होतो. आम्ही पळालो. ते थांबले."

त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"मला वाटायचं, त्यांना भीती ठाऊकच नाही," त्या म्हणाल्या. "मी एकटीच भीत होते इथं."