कित्याकबाबांचं जनेल

आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांपुढे कुणी चहाचा कप ठेवला, तरी आधी प्रश्न यायचा, "कित्याक?" कित्याक म्हणजे का. चहात आज आलं जास्त, कित्याक? पणजीची बस आज रिकामी, कित्याक? उत्तर मिळेपर्यंत माणूस जागचा हलायचा नाही आणि आपल्यालाही हलू द्यायचा नाही. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. आम्ही त्यांना तोंडावरही कित्याकबाबच म्हणायचो, आणि असं का म्हणता, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून काही वर्षं झाली होती. साखळीतल्या आमच्या शेतकरी संस्थेत तारेनं एकमेकांना जोडलेले कम्प्युटर आले. आम्ही ते लांबूनच बघत होतो. कित्याकबाब मात्र पन्नाशीच्या वयात पणजीला क्लासला जाऊन शिकून आले आणि आम्हाला त्यांनी आमच्याच बोलीत शिकवलं. पडद्यावर उघडते ती चौकट म्हणजे विंडो, विंडो म्हणजे खिडकी आणि खिडकी म्हणजे जनेल. पोर्तुगीज गेले तरी जनेल आमच्या घराघरांत राहिलं होतं. कित्याकबाबांनी ते कम्प्युटरात बसवलं. "जेवपाक वतना आपापलें जनेल धांपून वचात," असं ते रोज बजावत. जेवायला जाताना आपापलं जनेल बंद करून जा, असा त्याचा अर्थ; धांपणं म्हणजे बंद करणं. या आपल्या शब्दावर स्वारी भलतीच खूश होती.

संस्थेचे नांगरणीचे टिलर कुणाच्या शेतात कधी जायचे, त्या पाळ्यांची नोंद या कम्प्युटरांवर व्हायची. प्रोग्रामची रीत अशी, की एकानं नोंदीसाठी पाळ्या उघडल्या की तो बाहेर पडेपर्यंत बाकीच्यांना त्या नुसत्या वाचता यायच्या. पडद्यावर 'रीड ओन्ली' आलं की कित्याकबाब उभे राहून हाक मारत, "भितर कोण आसा?" न्हाणीघराच्या दारावर थाप मारावी तशी. कुणीतरी ओशाळून बाहेर पडे आणि काम पुढे चाले.

पेरणीच्या तोंडावर मात्र जेवणाच्या सुट्टीनंतर रोज 'रीड ओन्ली' येऊ लागलं. हाक मारली तर आत कुणीच नाही. लाटंबार्सेहून आलेले शेतकरी ताटकळत उभे, आणि काउंटरवर मी, त्यामुळे शिव्या मला. मग सविता जेवून परत यायची, आपल्या टेबलाशी बसायची, आणि थोड्या वेळानं सगळं आपोआप सुरळीत!

सविता बेळगावकडची, हंगामापुरती घेतलेली मुलगी. वडील कामाला होते तो औद्योगिक वसाहतीतला कारखाना बंद पडला होता आणि घर तिच्या नोकरीवर आलं होतं. आत तू होतीस का, असं विचारलं की ती म्हणायची, "नाही हो, मी जेवायला गेलते की!" आमच्या व्यवस्थापकांनी त्यावरून सरळ निष्कर्ष काढला. ही आली की चालतं, म्हणजे बिघडवतेही हीच. "सोमारासून तिका येवंक नाका म्हणून सांगा," ते म्हणाले. सोमवारपासून नोकरी सुटणार म्हणून सविता त्या दिवशी ओढणीनं डोळे पुसत नोंदी करत राहिली.

कित्याकबाबांना तेव्हा भलताच प्रश्न पडला होता, ऑफिसातल्या दुपारच्या उकाड्याचा. "दनपारां हांगा इतलें उकडटा, कित्याक?"

"मे महिना आहे म्हणून!" मी वैतागून म्हटलं.

"मे म्हयनो सकाळींय आसता," ते शांतपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते घरी जेवायला गेलेच नाहीत. हुमण-भात, म्हणजे माशाची आमटी आणि भात, आणि त्यावरची झोप सोडणं ही आमच्याकडे लहानसहान गोष्ट नव्हे. मी माझं जेवण सोडलं नाही, त्यामुळे पुढचं मला कित्याकबाबांकडून आणि सविताकडूनच कळलं. ते कपाटाआड उंडो पाव चहात बुडवून खात बसले होते. सगळे निघून गेल्यावर सवितानं पडद्याचं बटण बंद केलं, टेबलाशेजारची लाकडी खिडकी लावली आणि कडी घट्ट बसली का ते ओढून पाहिलं.

"सविता, तें जनेल कित्याक गो धांपलें?"

ती दचकली. "तुम्हीच सांगितलं की सर, जनेल धांपून जावा म्हणून. रोज लावून जाते मी, एक दिवस चुकवलं नाही."

उकाड्याचं कित्याक सुटलं होतं; मग कित्याकबाबांनी तिच्या पडद्याचं बटण दाबलं. पाळ्या सताड उघड्या होत्या. सकाळी हाक आली की इतरांचं बघून, आणि दुपारी परतल्यावर अर्धवट नोंदी संपवून, ती बाहेर पडायची; पण जेवायला जाताना हुकूम होता तो जनेलाचा, आणि तो ती इमानानं पाळत होती.

आम्ही परतलो तेव्हा ते व्यवस्थापकांसमोर उभे होते. "चूक तिची न्हय, म्हजी. हांवें जनेल धांप म्हणून सांगलें, तिणें धांपलें." हे ऐकून आम्ही सगळे पोट धरून हसलो. व्यवस्थापक हसले नाहीत. शेतकऱ्यांची तक्रार वरपर्यंत गेली होती आणि त्यांना कुणावर तरी ठपका ठेवायचाच होता. सविता राहिली. कित्याकबाबांकडून कम्प्युटरचं काम काढून घेतलं आणि त्यांना बियाण्यांच्या गोदामात बसवलं. मला फार वाईट वाटलं. त्यांना भेटायला गेलो, तर दोन पोत्यांमध्ये उकिडवे बसून ते मलाच विचारू लागले, "ह्या पोत्यांतलें भात बेगीन रुजता, त्या पोत्यांतलें ना, कित्याक?" निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुन्हा कम्प्युटरला हात लावला नाही.

पुढे काही वर्षांनी ते वारल्याचं कळल्यावर मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा सविता माझ्या आधीच आली होती. आता संस्थेचे सगळे कम्प्युटर तीच सांभाळते. निघताना चपला घालता घालता ती थांबली.

"सरांनी त्या दिवशी मला नुसतं बंद कसं करायचं ते दाखवलं असतं, आणि व्यवस्थापकांपुढे ते गप्प बसले असते," ती म्हणाली, "तर माझी नोकरी का गेली ते कळलं असतं काय हो कुणाला?"

"नाही," मी म्हटलं. "कुणालाच नाही. तुलासुद्धा नाही."