नखं न कापण्याचे दिवस

“चिकनपॉक्स है,” परीचा फ्रॉक वर करून डॉक्टर म्हणाले. तिच्या पोटावर पाण्याच्या थेंबासारखे फोड होते. मी आदल्या दिवशी त्यांना घामोळं समजून पावडर लावली होती.

चिकनपॉक्स म्हणजे कांजण्या. आमच्याकडे म्हणतात, माय आली. परी चार वर्षांची आहे. मी गोंदियात एका राइस मिलच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर चालवते आणि सोबत बी.ए. करते. आमच्या दोन्ही घरांत कॉलेजात गेलेली मी पहिलीच. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून एकदा येतो. हे सगळं सांगते, कारण तुमचंही असंच असेल तर पहिला प्रश्न आजाराचा नसतो. पोरीजवळ कोण बसणार, हा असतो.

डॉक्टरांनी विचारलं, “आपको बचपन में हुआ था?” मला माहीत नव्हतं. आईला फोन केला. ती म्हणाली, “तुया भावाले आली होती. तुले मावशीकडे ठेवलं होतं.”

डॉक्टर म्हणाले, “मग तुम्हालाही होऊ शकतं. फोड दिसण्याआधीच दुसऱ्याला लागण होते. घरीच रहा.” मिलमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी ताई गरोदर आहे, हे मी सांगितलं. “मग तर अजिबात जाऊ नका.”

मी अडखळत सुट्टी मागितली, तर मॅनेजर फोनवर म्हणाले, “मॅडम, बच्ची को हुआ है, आपको थोड़ी हुआ है!”

दवनीवाड्याहून सासूबाई आल्या. त्यांना लहानपणीच येऊन गेली होती. आल्या आल्या त्यांनी दाराला कडुनिंबाची डहाळी बांधली. घरात फोडणी बंद, चप्पल बाहेर, कोणी यायचं नाही, जायचं नाही. मला आधी बरंच वाटलं. डॉक्टरही तेच म्हणत होते. निंबाच्या पाण्याने अंग पुसायलाही हरकत नव्हती. तापाची गोळी मी “डॉक्टरनं सांगितली” म्हणून दिली, तेव्हा त्या तोंड फिरवून बसल्या.

अडलं ते नखांवर.

डॉक्टरांनी नखं बारीक कापायला सांगितली होती. खाजवल्याने फोड फुटतात, नखातली घाण आत जाते आणि पू होतो. याला सेकंडरी इन्फेक्शन म्हणतात, म्हणजे आजारावर दुसरा आजार. मी नेलकटर काढला तशा सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

“काऊन? माय अंगावर हाये अन् तू लोखंड लावून रायली पोरीले?”

मी नेलकटर ठेवून दिला. त्या रागावून गावी गेल्या असत्या तर पुढे काय, ही भीती होती. आणि खरं सांगू? शिकले असले तरी दुसरी भीतीही होती. समजा कापली आणि काही झालं तर?

एक खोली, एक खिडकी. परी दिवसभर किरकिरायची. मी तिचे हात धरून बसायची. हात दुखले की सोडायची, आणि ती लगेच खाजवायची. बाहेर पोरं सायकल फिरवायची, त्यांचा आवाजही मला सहन होत नव्हता. पुस्तक उघडं ठेवायची आणि तीच ओळ परत परत वाचायची. पोरीचा राग यायचा, मग माझाच राग यायचा.

एका सकाळी परीच्या भुवईवरचा फोड पिवळा झालेला दिसला. डोळा अर्धा मिटला होता. मी फोन केला, तर डॉक्टरांनी इतर पेशंट गेल्यावर बोलावलं. अँटिबायोटिक दिलं. मग म्हणाले, “डोळ्याच्या इतक्या जवळ आहे. हिचे हात थांबवा, कसेही.”

घरी येऊन मी सासूबाईंसमोर बसले. “आई, डोळ्यात गेलं तर काय करायचं?”

त्यांनी परीची हनुवटी वर करून डोळा पाहिला. मग आपल्या पिशवीतून जुनं, मऊ झालेलं लुगडं काढलं आणि दातानं फाडलं. सुईदोरा मागितला. दोन छोट्या थैल्या शिवल्या, तोंडाशी नाडी ओवली.

“कापाले माय नाई म्हणते. झाकाले काई नाई म्हणत,” परीच्या मुठी त्यात घालत त्या म्हणाल्या. “अन् तू कायले रडून रायली? जेव आता, बिनफोडणीचं वरण हाये.”

परी थैल्या एकमेकींवर आपटून म्हणाली, “मी बॉक्सर!” बऱ्याच दिवसांनी आम्ही तिघी हसलो.

पू आटला. भुवईत एक खड्डा राहिला, डोळा वाचला. खपल्या पडल्यावर सासूबाईंनी निंबाखाली दहीभात ठेवला, मायला हात जोडले. मग परीला मांडीवर घेऊन स्वतःच नेलकटर मागितला.

मी परत कामावर जायचे म्हणून कपडे काढून ठेवले होते. आंघोळ करताना पोटावर पाण्याचा थेंब दिसला. पुसला, तर गेला नाही.

डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या. मोठ्यांना त्रास जास्त होतो, थांबू नका, एवढं तुम्हीही लक्षात ठेवा. मॅनेजरांना फोन केला, या वेळी अडखळले नाही. ती गरोदर ताई ठीक आहे ना, हे विचारून घेतलं. मिलमध्ये गेले नाही, याचं तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं.

सासूबाईंनी दारावरची वाळलेली डहाळी काढली आणि ताजी बांधली. “आता तू बस,” म्हणाल्या.

मी खिडकीशी बसले आहे. बाहेर परी सायकलमागे धावते आहे. मघाशी ती आत येऊन आपल्या थैल्या माझ्या मांडीवर ठेवून गेली. “मम्मी, खाजवाचं नाई.”

त्यात माझी दोनच बोटं मावतात. तरी मी घातली आहेत.