चार हजार जिवंत

गल्लीत त्यांना टिचकीकाका म्हणत. बाटल्यांच्या वखारीत धुऊन ठेवलेली एकेक बाटली ते कानाशी धरत, नखाने टिचकी मारत आणि निकाल देत. खणखणीत वाजली तर ‘जिवंत’, बद्द वाजली तर ‘मेलेली’. जिवंत बाटली पुन्हा भरायला सरबतवाल्याकडे जाई. मेलेली किलोवर भट्टीत, आणि अशा आठ मिळूनही एका जिवंत बाटलीचा भाव येत नसे.

सरकारच्या नव्या कचरा-धोरणाला हे गणित काही पटलं नाही. धुऊन परत भरलेली बाटली म्हणे हिशेबातच धरायची नाही, चुरा झाला तरच कचरा मार्गी लागला! वखारवाल्यांनी साठा लिहून द्यायचा, सोमवारी यंत्र येऊन सगळं चिरडणार. नाही म्हणाल तर परवाना रद्द. काकांचा जीव कासावीस झाला. तीस वर्षांत त्यांनी एक बाटली मुद्दाम फोडली नव्हती, काकूंशी भांडतानासुद्धा.

तरी त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज भरला: ‘जिवंत चार हजार, मेलेल्या दोनशे.’ कचेरीतल्या हुशार कारकुनाने तो थेट पशुविभागाकडे धाडला.

शनिवारी गमबूट घालून, नाकाला रुमाल लावून गुरांचे डॉक्टर हजर.

“कोंबड्या कुठायत? दोनशे मेल्या म्हणे!”

काकूंना हसू आवरेना. काकांनी डॉक्टरांच्या कानाशी बाटली धरली आणि टिचकी मारली. डॉक्टर हरखले. मग त्यांनी स्वतःच चाळीसेक बाटल्या वाजवून पाहिल्या.

“आणि या सगळ्या सोमवारी फोडणार?” त्यांनी विचारलं.

“डोळ्यांदेखत,” काका म्हणाले.

डॉक्टरांनी आपला छापील कागद काढला आणि लिहिलं: ‘जिवंत चार हजार. सर्व धडधाकट. मारण्याचे कारण दिसत नाही.’ खाली ठसठशीत शिक्का.

सोमवारी यंत्रवाल्याने तो कागद दोनदा वाचला, डोकं खाजवलं आणि यंत्र माघारी नेलं. शिक्क्याशी कोण हुज्जत घालणार? आठवड्याभरात नवा परवानाही घरपोच आला. तो वाचता वाचता काकांचे डोळे भरून आले.

“आता रडताय कशाला?” काकू म्हणाल्या. “वाचल्या ना सगळ्या?”

“वाचल्या गं. पण दर महिन्याला अंडी किती झाली ते कळवायचंय.”