चार कोपऱ्यांतली गिटार

माझे धाकटे दीर वीज खात्यात कारकून होते आणि मनाने रॉक गिटारवादक. दोन्ही कामं ते सारख्याच निष्ठेने करत, पगार फक्त एकाचा मिळे. घरोघरी नुकतीच केबल आली होती. संध्याकाळी ते गाण्यांच्या चॅनलवर परदेशी वादकांची बोटं बघत आणि मग गच्चीवरच्या खोलीत तसंच वाजवत. ते वाजवताहेत की नुसती गिटार सुरात लावताहेत, हे सासूबाईंना कधी कळलं नाही.

एकदा इंदूरला सिनेमा बघून आले ते भारावूनच. तिथल्या टॉकीजमध्ये नवी साउंड सिस्टिम बसवली होती.

"वहिनी, हेलिकॉप्टर पाठीमागून आलं. मी मुंडी वळवून पाहिलं," म्हणाले.

जेवताना त्यांनी जाहीर केलं की आपला सोलो अल्बम निघणार आणि तो चारी बाजूंनी ऐकू येणार. उज्जैनमध्ये असं आजवर कुणी केलेलं नाही, असं ते म्हणाले. त्यावर आमच्या यांनी मान डोलावली आणि न करण्याला कारणही असेल काहीतरी, असं हे पुटपुटले.

योजना सोपी होती. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार टेपरेकॉर्डर, प्रत्येकात वेगळी कॅसेट, ऐकणारे मधोमध. एका कॅसेटवर मुख्य गिटार भरायची, ती हेडफोनवर ऐकत दुसरीवर साथीची, असं करत चारही. मध्येच लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. स्वतःच वीज खात्यात असल्यामुळे त्यांना धड चिडताही येईना. शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी एका कॅसेटवर आली, तर बीटमध्येच आहे म्हणून तशीच ठेवली.

अल्बम पूर्ण झाला तेव्हा एका रविवारी सकाळी आमच्या फ्रीगंज भागातल्या घरी नातेवाईक आणि शेजारी जमले. पोहे-जिलबी असल्याने उपस्थिती चांगली होती. टेप मागून आणले होते. एकावर हे, एकावर मी, एकावर दिरांचे ऑफिसातले मित्र. मलाही काहीतरी काम दे म्हणाल्या म्हणून चौथा सासूबाईंकडे. दिरांनी मध्ये उभं राहून हात वर केला, एक-दोन-तीन म्हटलं आणि आम्ही बटणं दाबली.

सुरुवातीला खरंच अंगावर काटा आला. गिटार या भिंतीकडून त्या भिंतीकडे जात होती. मग मित्रांचा टेप जरा पुढे पळू लागला, यांचा रेंगाळू लागला आणि एकच धून स्वतःचाच पाठलाग करायला लागली. सासूबाईंच्या कोपऱ्यातून तर काहीच येत नव्हतं. आपल्या टेपची पाळी अजून यायची असेल, असं त्यांना वाटलं. तोवर त्यांनी शेजारच्या काकूंशी जिलबीबद्दल बोलायला सुरुवात केली.

खात्री असावी म्हणून सासूबाईंनी प्लेबरोबर रेकॉर्डिंगचं लाल बटणही दाबलं होतं. चौथी गिटार पुसली जाऊन तिच्या जागी ती सगळी सकाळ भरली गेली होती.

दीर दोन दिवस गच्चीवरच्या खोलीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती कॅसेट लावली. तीन कोपऱ्यांतल्या गिटारी लांबून येत होत्या आणि अगदी जवळून सासूबाई, "वाजवतो चांगलं गं, पण थांबत नाही."

"आई असं म्हणाली?" त्यांनी मला विचारलं आणि ते वाक्य मागे नेऊन पुन्हा लावलं. पहिला अर्धाच भाग.

बातमी पसरली तसे आपापले आवाज ऐकायला सगळे येऊन गेले. मग प्रत्येकाला कॉपी हवी झाली. दीर कोऱ्या कॅसेटी आणून भरून देऊ लागले. वर स्वतःच्या अक्षरात 'सोलो' असं लिहीत. फ्रीगंजातल्या निम्म्या मराठी घरांत तो अल्बम पोचला. लोक त्यात जिलबीचा भाग शोधत आणि दीर त्यांना समजावत, की त्या वेळी मागे काय वाजतंय तेही जरा ऐका.